गेले तेवढेच परत

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात आमच्या मंडळाच्या संकेतस्थळावर जो प्रसंग ओढवला, त्याविषयी वाचकांकडून वारंवार पृच्छा होत आहे. 'हस्तलिखिताची पाने मध्यंतरी दिसेनाशी झाली होती, ती परत कशी आली?' असे कोणी विचारतात. 'आमच्याही मंडळाचे असेच संकेतस्थळ आहे, आम्ही कोणती दक्षता घ्यावी?' असे कोणी विचारतात. प्रत्येकास पृथक् उत्तर धाडणे आम्हांस शक्य नाही. शिवाय या प्रसंगातून आम्ही जे शिकलो ते सर्वांच्याच उपयोगी पडण्याजोगे आहे. म्हणून या महिन्याचे हे सदर त्या हकिकतीस वाहिले आहे. विषय संगणकाचा असला तरी वाचकांनी बिचकण्याचे कारण नाही. यात जे आहे ते बहुतांशी जपणुकीचे आणि निवडीचे काम आहे, आणि ही दोन्ही कामे आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगावयास हवी. बडोद्यास आमच्या मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग ज्या बाईंनी दीर्घकाळ चालविला, त्या आमच्या बहुतेक वाचकांस परिचित होत्या. गुजराती वा इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जाणारी आपली मुले त्यांच्यापाशी बाराखडी गिरवीत, आणि दर दिवाळीस बाई त्या मुलांकडून एक हस्तलिखित तयार करवून घेत. निबंध, कविता, कोडी, रंगीत चित्रे, सारे मुलांच्या हातचे. प्रत अर्थातच एकच. २०१९ साली त्यांतील निवडक १४५ पानांची छायाचित्रे काढून आम्ही ती संकेतस्थळावर ठेविली. पुढे २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीस मोठा पूर आला, पाणी तळमजल्यावरील कपाटात शिरले आणि हस्तलिखितांची शाई उतरून गेली. त्या दिवसापासून संकेतस्थळावरील ती छायाचित्रे नकला उरल्या नाहीत. तीच मूळ झाली.

२०२५ च्या सप्टेंबरच्या दोन तारखेस बाई निवर्तल्या. दुसऱ्याच दिवशी आम्ही संकेतस्थळावर त्यांच्या स्मरणार्थ एक पान उघडले. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथून, तसेच परदेशी स्थायिक झालेल्या विद्यार्थ्यांकडून त्या पानावर पत्रे येऊ लागली. एका विद्यार्थ्याने आपल्याजवळच्या तीन जुन्या पानांची छायाचित्रे आपल्या फोनवरून धाडली, तीही आम्ही हस्तलिखितांच्या जुन्या लेखास जोडली. अशी एकूण १४८ पाने झाली. याच गडबडीत सर्व्हरवरील भाड्याची जागा भरत आल्याची सूचना मिळाली. संकेतस्थळाचे काम पाहणाऱ्या आमच्या तरुण स्वयंसेवकास आम्ही सांगितले, 'जुने काय असेल ते काढून टाक.' त्याने १४ तारखेच्या रात्री पाहिले, तो '२०१९' नावाचे एक फोल्डर होते. सहा वर्षांपूर्वीचे, म्हणजे जुनेच! त्याने ते पुसले. दोष त्या मुलाचा नव्हे. 'जुने' या शब्दाचा अर्थ न सांगता आज्ञा करणाऱ्या आमचा आहे, हे येथे स्पष्ट नमूद केले पाहिजे.

ही गोष्ट लक्षात यावयास २० तारीख उजाडली. बाईंच्या एका विद्यार्थिनीने हस्तलिखितांचे पान उघडले, तेव्हा मजकूर जागच्या जागी, परंतु चित्रांच्या ठिकाणी नुसत्या रिकाम्या चौकटी. जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे राखीव प्रती होत्या, पण फक्त मागील तीन दिवसांच्या. त्या तिन्ही प्रतींत ते फोल्डर नव्हते. सुदैवाने आमचे कोषाध्यक्ष दरमहा एक तारखेस संपूर्ण संकेतस्थळाची राखीव प्रत, ज्यास बॅकअप म्हणतात ती, आपल्या घरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवीत असत. त्याच रात्री त्या स्वयंसेवकाचा फोन आला.

'काका, कोषाध्यक्षकाकांकडे एक तारखेची सगळी प्रत आहे. सगळीच परत चढवून टाकू का? एका रात्रीत काम होईल.'

'थांब बाळा,' आम्ही म्हणालो. 'एक तारखेस बाई हयात होत्या.'

क्षणभर तो काही बोलला नाही. मग म्हणाला, 'म्हणजे त्या प्रतीत बाईंचं स्मरणाचं पानच नाही.'

या एका वाक्यात आजच्या विषयाचे सारे मर्म आले. राखीव प्रत म्हणजे एका विशिष्ट दिवसाचे चित्र असते. ते जसेच्या तसे परत बसविले की त्या दिवशी जे होते ते सर्व परत येते, आणि त्या दिवसानंतर जे घडले ते सर्व पुसले जाते. हस्तलिखिते परत आणावयाची तर साठाहून अधिक लोकांनी अंतःकरणापासून लिहिलेली पत्रे जाणार, आणि पत्रे राखावयाची तर हस्तलिखिते जाणार, असा पेच वरवर पाहता दिसत होता. प्रत्यक्षात तो पेच नव्हता. का नव्हता, ते समजण्यासाठी संकेतस्थळाची रचना जाणून घेतली पाहिजे.

आजकालची बहुतेक संकेतस्थळे वर्डप्रेस किंवा तत्सम आज्ञावलीवर चालतात, आणि त्यांचे दोन भाग असतात. एक भाग फाइलींचा. यात खुद्द आज्ञावली, तिची सजावट, आणि आपण चढविलेली चित्रे व कागदपत्रे फोल्डरांमध्ये लावून ठेवलेली असतात. दुसरा भाग डेटाबेसचा. यात लेखांचा मजकूर, वाचकांची पत्रे, सभासदांची नावे असे सारे कोष्टकांत नोंदलेले असते. लेखात चित्र दिसते तेव्हा ते चित्र डेटाबेसात नसते. तेथे असतो केवळ त्याचा पत्ता, म्हणजे अमुक फोल्डरातील अमुक नावाची फाइल. वाड्यातील सामान आणि सामानाची वही असा हा भेद आहे. आमच्या स्वयंसेवकाने सामान हलविले होते, वही शाबूत होती. रिकाम्या चौकटी दिसत होत्या त्या याच कारणाने. तेव्हा त्याच नावाच्या फाइली त्याच जागी ठेवल्या की चौकटी आपोआप भरणार होत्या, आणि स्मरणाच्या पानावरील पत्रे वहीत, म्हणजे डेटाबेसात असल्यामुळे त्यांस धक्काही लागणार नव्हता. आपणांस हवे होते ते एवढेच: १ तारखेच्या प्रतीतून २०१९ चे फोल्डर तेवढे उचलावे आणि दुसऱ्या कशासही हात लावू नये.

हे काम ज्या साधनाने केले, त्याचे नाव एफटीपी. फाइल एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर नेण्याचा हा एक ठरलेला शिष्टाचार आहे. आपल्या वाचकांस कौतुक वाटेल अशी गोष्ट ही की, याचा पहिला आराखडा एका भारतीयाने लिहिला. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली पदवी घेतलेले अभय भूषण पुढे अमेरिकेत एमआयटी येथे असताना त्यांनी १६ एप्रिल १९७१ रोजी 'आरएफसी ११४' या क्रमांकाच्या टिपणातून तो मांडला. त्या वेळी आजचे इंटरनेट अस्तित्वात नव्हते, त्याचे पूर्वरूप असलेले अर्पानेट होते. १९८५ च्या ऑक्टोबरात 'आरएफसी ९५९' या टिपणाने त्या शिष्टाचारास जे रूप मिळाले, तेच पुढे पायाभूत मानले गेले.

त्याची रीत मोठी साधी आहे. दोन संगणकांमध्ये दोन वाटा उघडल्या जातात. एका वाटेवरून नुसते बोलणे चालते: 'मी अमुक, माझा परवलीचा शब्द अमुक, या फोल्डरातील यादी दाखवा, ही फाइल घ्या.' दुसऱ्या वाटेवरून प्रत्यक्ष माल जातो. बँकेत एका खिडकीशी बोलणे व्हावे आणि रक्कम दुसऱ्या खिडकीतून मिळावी, तसेच हे. मात्र जुन्या एफटीपीत एक मोठे वैगुण्य आहे. नाव, परवलीचा शब्द आणि माल ही सर्व उघडी जातात. वाटेत कान देऊन बसलेल्यास ती वाचता येतात. १९७१ साली मोजक्या संस्थांचे संगणक एकमेकांशी बोलत, त्या काळी हे खपून गेले. आज ते खपणारे नाही. क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांनीही २०२१ साली एफटीपीचा आधार काढून घेतला. म्हणून वाचकांनी आपल्या कंपनीकडून एसएफटीपी किंवा एफटीपीएस यांपैकी जी सुरक्षित वाट उपलब्ध असेल ती मागून घ्यावी. पहिली मूळ एफटीपीहून निराळी, एसएसएच नावाच्या सुरक्षित जोडणीवर चालणारी आहे. दुसरी म्हणजे एफटीपीवरच चढविलेले कुलूप. फाइलझिलासारख्या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये दोन्हींची सोय आहे आणि वापरणाऱ्यास पडदा सारखाच दिसतो: डावीकडे आपला संगणक, उजवीकडे सर्व्हर.

आता प्रत्यक्ष काम आम्ही कोणत्या क्रमाने केले ते सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण घाईघाईत केलेली दुरुस्ती पुष्कळदा मूळ अपघाताहून महाग पडते.

सर्वांत आधी आम्ही काहीच केले नाही. म्हणजे असे की, संकेतस्थळावर नवे काही चढविणे वा काढणे तात्पुरते थांबविले. नंतर संकेतस्थळ ज्या मोडक्या अवस्थेत होते त्याच अवस्थेची एक संपूर्ण प्रत उतरवून घेतली, फाइलींचीही आणि डेटाबेसचीही. मोडक्या वस्तूची प्रत कशाला, असे कोणास वाटेल. परंतु बाईंची सारी पत्रे त्या मोडक्या अवस्थेतच होती. दुरुस्ती करताना हात चुकला तर निदान आज आहे तेथे तरी परत येता यावे, हा त्यातील हेतू.

त्यानंतर कोषाध्यक्षांच्या डिस्कवरील प्रत आमच्या संगणकावर एका निराळ्या फोल्डरात उघडली. ज्यांच्याकडे अशी प्रत झिप किंवा तत्सम गठ्ठ्याच्या रूपात असेल, त्यांनी तो गठ्ठा आपल्या संगणकावर सोडवावा. थेट संकेतस्थळावर नेऊन सोडवू नये, कारण तसे केल्याने जुन्या फाइली नव्यांवर जाऊन बसतात. मग फाइलझिला उघडून डावीकडे जुनी प्रत आणि उजवीकडे सर्व्हर अशी दोन्ही फोल्डरे समोरासमोर ठेविली. दोन्ही बाजूंची तुलना करण्याची सोय त्या प्रोग्रॅममध्ये आहे. जी फाइल एकाच बाजूस आहे किंवा जिचा आकार दोन्हीकडे निराळा आहे, ती रंगाने वेगळी दिसते. २०१९ चे फोल्डर डावीकडे होते, उजवीकडे नव्हते. इतर फोल्डरे आम्ही पाहिली आणि सोडून दिली.

चढविण्यापूर्वी तीन गोष्टी तपासल्या. पहिली, फोल्डराची जागा. सर्व्हरवर ते ज्या फोल्डरात होते त्याच फोल्डरात गेले पाहिजे, एक पायरी वर किंवा खाली गेले तरी पत्ता चुकतो. दुसरी, नावांची अक्षरे. आपल्या घरच्या विंडोज संगणकास इंग्रजी लहान व मोठी अक्षरे सामान्यतः सारखीच वाटतात, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि त्यांना ती भिन्न वाटतात. नावाच्या शेवटी 'जेपीजी' ही अक्षरे मोठी होती ती लहान झाली, तरी सर्व्हरच्या दृष्टीने ती दुसरीच फाइल. (ज्यांनी फाइलींना देवनागरी नावे दिली असतील त्यांनी विशेष जपावे, झिपमधून बाहेर काढताना अशी नावे कधीकधी विस्कटतात.) तिसरी, नेण्याची पद्धत. एफटीपीत मजकुराची आणि बायनरी अशा दोन पद्धती आहेत. मजकुराच्या पद्धतीत ओळींच्या शेवटची खूण वाटेत बदलली जाऊ शकते. साध्या मजकुरास ते चालते, चित्राचा मात्र त्याने नाश होतो. म्हणून चित्रे बायनरी पद्धतीनेच न्यावीत.

इतके झाल्यावर आम्ही एकच फाइल चढविली आणि ब्राउझरमध्ये ते पान पाहिले. एक चौकट भरली. मग बाकीच्या फाइलींकडे वळलो. 'या नावाची फाइल तेथे आधीच असल्यास काय करावे?' असे प्रोग्रॅम विचारतो, तेव्हा आम्ही 'वगळावी' हा पर्याय निवडला. गेलेले परत आणावयाचे आहे, असलेले बदलावयाचे नाही, हा त्याचा अर्थ. जागेच्या टंचाईमुळे आम्ही प्रत्येक चित्राची एकच लहान प्रत ठेवीत असू, म्हणून १४५ पानांच्या २९० फाइली होत्या. चढवून झाल्यावर संख्या मोजली, आकार ताडले, 'अयशस्वी' म्हणून दाखविलेल्या यादीतील चार फाइली पुन्हा धाडल्या. सर्व्हरवर कोणास काय वाचता-लिहिता यावे याचे अधिकार सामान्यतः फाइलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ असे असावे लागतात, तेही पाहून घेतले. शेवटी परवलीचा शब्द बदलला, कारण या धावपळीत तो तिघाचौघांस ठाऊक झाला होता.

येथे एक इशारा दिला पाहिजे. निवडून परत आणण्याची ही रीत चित्रे, कागदपत्रे, ध्वनिमुद्रणे अशा स्वतंत्र फाइलींस लागू पडते. आज्ञावलीच्या फाइली मात्र एकमेकींवर अवलंबून असतात. त्यांतील एक जुनी आणि दुसरी नवी असे केल्यास सारे संकेतस्थळ बंद पडू शकते. त्या परत आणावयाच्या तर एका आवृत्तीचा संपूर्ण संच आणावा. डेटाबेसविषयीच्या सूचना ज्या फाइलीत असतात तिला तर कारणावाचून स्पर्शही करू नये. आणि संकेतस्थळात कोणी घुसखोरी केली असेल, तर जुन्या प्रतीतही ती घाण आधीपासून असण्याचा संभव असतो, तेव्हा ते काम जाणकारावर सोपवावे.

हे सर्व चालले असता आम्हांस आमच्याच गावातील एका थोर कार्याची आठवण झाली. येथील प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली आणि तिची सातही कांडे १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध झाली. त्या पंडितांनी एखादी जुनी पोथी घेऊन ती जशीच्या तशी छापली नाही. देशाच्या निरनिराळ्या भागांतील, निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या समोर ठेवून शब्दाशब्दाची तुलना केली आणि पाठ निश्चित केला. आमच्या २९० फाइलींची त्या कार्याशी बरोबरी करणे हास्यास्पद होईल. परंतु एखादी प्रत जुनी आहे म्हणून ती सर्वस्वी प्रमाण नव्हे, आणि नवी आहे म्हणून सर्वस्वी त्याज्य नव्हे, ही दृष्टी दोन्हीकडे एकच लागते.

आता निकाल सांगतो. विद्यार्थ्याने धाडलेली ती तीन पाने १ तारखेनंतर चढविलेली, त्यामुळे राखीव प्रतीत नव्हतीच. ती त्याच्या फोनवरून पुन्हा मागवून घेतली. उरलेल्या १४५ पानांपैकी १४४ पाने जशी होती तशी परत आली. एक आले नाही. किंवा असे म्हणू की, अर्धे आले.

त्या पानाचे चित्र उघडले तेव्हा वरचा भाग स्वच्छ होता आणि खालचा भाग नुसता करडा. सर्व्हरवर जाताना काही बिघडले असेल म्हणून आम्ही ते पुन्हा चढविले, तरी तेच. मग कोषाध्यक्षांच्या डिस्कवरील फाइल पाहिली, तर ती तेथेच अर्धी होती. थोड्या चौकशीनंतर उलगडा झाला. २०१९ साली पहिल्या वेळी प्रत उतरविताना मध्येच जोडणी तुटली असावी आणि ती फाइल अर्धवटच उतरली असावी. पुढे दरमहा प्रत घेताना वेळ वाचावा म्हणून कोषाध्यक्षांनी 'आधीच असलेली फाइल वगळावी' हा पर्याय ठेविला होता. नाव तेच, म्हणून प्रोग्रॅमने दर महिन्यास ती फाइल 'आहे' असे समजून वगळली. चांगली फाइल सर्व्हरवर सहा वर्षे होती. तिची धड प्रत कोणत्याही महिन्यात घेता आली असती. परत आणताना जो पर्याय योग्य, तोच जपून ठेवताना घातक ठरला. फाइलझिलात 'आकार निराळा असल्यास बदलावी' असाही पर्याय आहे. तो निवडला असता तर दुसऱ्याच महिन्यात चूक आपोआप सुधारली असती.

कोषाध्यक्षांस याचे फार वाईट वाटले. 'इतकी वर्षं नेमानं प्रत घेतली हो, पण एकदाही उघडून पाहिली नाही,' असे ते म्हणाले. आम्ही त्यांना धीर दिला. त्यांचा नेम नसता तर १४४ पानेही मिळाली नसती. आणि या चुकीत ते एकटे नाहीत. १९९८ साली अमेरिकेत पिक्सार या संस्थेत 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असता एका चुकीच्या आज्ञेने त्याचा बराच मोठा भाग पुसला गेला. राखीव प्रती होत्या, पण त्या व्यवस्थित घेतल्या जात नव्हत्या, हे तेव्हाच कळले. गेलिन सुसमन या बाई लहान बाळामुळे घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिच्या आधारे चित्रपट वाचला आणि १९९९ साली पडद्यावर आला. २०१७ च्या जानेवारीअखेरीस गिटलॅब या कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा राखीव प्रतींच्या पाच निरनिराळ्या व्यवस्थांपैकी एकही भरवशाची ठरली नाही, असे त्या कंपनीने स्वतःच जाहीर केले. जेथे तज्ज्ञांची ही अवस्था, तेथे आमच्या कोषाध्यक्षांस कोणी बोल लावावा?

या अनुभवानंतर आम्ही काही नियम ठरविले आहेत, ते इतर मंडळांनीही पाळावेत. महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि निदान एक प्रत दुसऱ्या जागी, शक्य तर दुसऱ्या गावी असावी. विश्वामित्रीचा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना या शेवटच्या अटीचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही. नव्या प्रतीने जुनी पुसू नये. निदान मागील तीन महिन्यांच्या प्रती निरनिराळ्या ठेवाव्यात. दर तीन महिन्यांनी एकदा प्रत उघडून तिच्यातील आठदहा फाइली प्रत्यक्ष पाहाव्यात. सर्व्हरवरील काहीही पुसण्यापूर्वी ते आधी आपल्या संगणकावर उतरवावे, कारण एफटीपीने पुसलेली फाइल घरच्या संगणकाप्रमाणे कचऱ्याच्या टोपलीत पडून राहत नाही. आणि 'जुने काढून टाक' असे कोणी कोणास सांगू नये. काय काढावयाचे त्याची यादी लिहून द्यावी, आणि ती यादी दुसऱ्या एका माणसाने वाचावी.

आमचा तो तरुण स्वयंसेवक संकेतस्थळाचे काम अजूनही पाहतो. 'काका, मला काढून टाका,' असे तो त्या आठवड्यात दोनदा म्हणाला होता. आता आमच्या संकेतस्थळाची प्रत्येक प्रत उघडून पाहण्याचे काम त्याच्याकडे आहे, आणि ते त्याच्याइतक्या काळजीने दुसरा कोणी करील असे आम्हांस वाटत नाही.

राहता राहिले ते अर्धे पान. त्याची लहान प्रत शाबूत आहे, पण ती इतकी बारीक आहे की खाली एक झाड आणि एक विहीर काढलेली आहे एवढेच दिसते, अक्षरे लागत नाहीत. वरच्या अर्ध्या भागात एका मुलाचा वा मुलीचा निबंध आहे. मथळा 'माझे आजोळ'. सुट्टीत आगगाडीने मामाच्या गावी जाण्याचे वर्णन आहे, आणि वाक्य 'विहिरीपाशी आजी' येथे तुटते. बाई मुलांना पानाच्या तळाशी नाव व इयत्ता लिहावयास लावीत, त्यामुळे हा निबंध कोणाचा, तेही आज सांगता येत नाही.

ते पान आम्ही तसेच अर्धे ठेविले आहे आणि त्याखाली ही हकिकत दोन ओळींत लिहिली आहे. बाईंच्या वर्गात असताना ज्यांनी तो निबंध लिहिला, ते आज मध्यमवयीन असतील आणि कदाचित हा अंक त्यांच्या हाती असेल. त्यांच्या घरी जुन्या वहीत त्याचा कच्चा मसुदा राहिला असल्यास, किंवा विहिरीपाशी आजी काय करीत होती एवढे जरी त्यांना आठवत असल्यास, त्यांनी मंडळाकडे कळवावे. खालची जागा आम्ही त्यांच्यासाठी मोकळी ठेविली आहे.